ध्येय ४२ किमीचं ठेवू की ५ किमीचं? तिसऱ्या आठवड्यात जोश मावळतो

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. वय ३८, वजन ८२ किलो, काम खुर्चीतलं. बीपी-साखर तपासून झालीय, डॉक्टरांची हरकत नाही. सध्या रोज ३ किमी चालणं होतं, ३२-३३ मिनिटांत.

डोक्यात बसलंय ते जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचं ४२. घरचे म्हणायलेत, आधी ५ पळून दाखव अन् मग मोठ्या गप्पा मार. पण ५ म्हटलं की सकाळी अंथरूण सुटत नाही. ४२ म्हटलं की झोप उडते, आणि तीन आठवड्यांत तोही जोश विरतो. आतापर्यंतचे तीन संकल्प असेच गळालेत.

आता जून लागलाय, म्हणजे हातात साधारण ३२ आठवडे आहेत. जोश टिकवायचा तर ध्येय केवढं घ्यावं? आणि ते रोजच्या कामात उतरवायचं कसं? "मनाची तयारी ठेवा" छापाचं उत्तर नको, आकडे सांगा.

मोजपट्टी (लातूर)

तुम्ही अर्धे बरोबर, घरचेही अर्धे बरोबर. ४२ ठेवाच, फक्त ही जानेवारी सोडा. ४२ पुढच्या जानेवारीचं धरा आणि या जानेवारीत २१ (अर्धमॅरेथॉन) करा. ध्येय जड वाटायला लागलं की लोक ध्येय छाटतात, तारखेला मात्र हात लावत नाहीत. खरं तर तारीख हलवायची असते. ५ किमीला तुमचं मन हलत नसेल तर ते ध्येय कितीही शहाणपणाचं असलं तरी तुमच्या कामाचं नाही.

अवघड आकड्याने माणूस जास्त काम करतो हे मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये मांडलं, पुढे गॅरी लॅथम यांच्यासोबत त्यावर बरंच काम झालं. त्यातलं लाकूड वाहणाऱ्या ट्रकचं उदाहरण मला सगळ्यात पटतं. अमेरिकेतल्या त्या कामगारांना "जमेल तेवढं भरा" सांगितलं होतं तोवर ट्रक कायदेशीर मर्यादेच्या साधारण ६० टक्केच भरायचे. मग ९४ टक्के असा नेमका आकडा दिला, पगार एक पैसाही न वाढवता, आणि भार ९० च्या वर गेला. (आपल्याकडच्या उसाच्या ट्रॉल्यांना असा आकडा द्यायची गरज पडत नाही, त्या मर्यादा ओलांडूनच बसलेल्या असतात.)

पण याच लॉक-लॅथम यांनी दोन अटीही सांगितल्यात आणि त्या कुणी वाचत नाही. पहिली अट: आपण कुठवर आलोय हे वरचेवर कळलं पाहिजे. दुसरी: काम नवीन आणि गुंतागुंतीचं असेल तर सुरुवातीला निकालाचा आकडा देऊच नये, शिकण्याचं लक्ष्य द्यावं. नवख्याला "इतक्या मिनिटांत पळ" म्हटलं की तो घड्याळाकडे बघत छाती फुटेस्तोवर पळतो आणि पळायचं कसं तेच शिकत नाही. म्हणून तुमच्या पहिल्या १२ आठवड्यांत वेगाचा आकडा नको. लक्ष्य एवढंच की पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर दम लागला तर वेग जास्त आहे.

आता रोजचं. मंगळवार आणि गुरुवार: ५ मिनिटं चाल, मग १ मिनिट पळ आणि २ मिनिटं चाल असे ८ फेरे, शेवटी ५ मिनिटं चाल. झाली ३४ मिनिटं. तिसऱ्या आठवड्यापासून २ मिनिटं पळ, २ चाल, ६ फेरे. सातव्याच्या आसपास ५ पळ, १ चाल, ४ फेरे. दहाव्यात सलग २० मिनिटं, बाराव्यात सलग ३०. एखादा टप्पा जड गेला तर तोच आठवडा पुन्हा करा, त्यात नापास होण्यासारखं काही नाही. रविवारी लांबचं: ५ किमीपासून सुरू, चालत-पळत, घड्याळ खिशात. ते दर आठवड्याला अर्धा-एक किमीने वाढवायचं आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम तिसऱ्या हिश्श्याने कमी करायचं. बाकीच्या दिवशी तुमची ३ किमीची चाल आहेच, त्यातला एक दिवस पूर्ण सुट्टीचा.

मधले मुक्काम कॅलेंडरवर आत्ताच लिहून टाका. १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन, झेंडावंदनाच्या आधी १० किमी. नोव्हेंबरच्या मध्यात १५. डिसेंबरअखेर १८. जानेवारीत २१. मुक्काम अशा तारखांना बांधावा ज्या गावाला आधीच ठाऊक असतात, म्हणजे त्या विसरत नाहीत.

आणि रोजच्या कामाला दोन रेघा मारा. खालची रेघ म्हणजे अगदी वाईट दिवशीही होईल एवढं: बूट घालून घराबाहेर १० मिनिटं. तेवढं झालं की वहीत टिक. वरची रेघ म्हणजे ठरल्यापेक्षा एक फेराही जास्त नाही, अंगात कितीही बळ आलं तरी. ही वरची रेघ कुणी मारत नाही. तिसऱ्या आठवड्यात जोश मावळतो असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात दुप्पट पळून झालेलं असतं आणि मावळलेले असतात ते पाय. दुखऱ्या पायाने पाच वाजता उठवत नाही, मग दोष मनाला.

वहीत चारच रकाने: तारीख, मिनिटं, कसं वाटलं (१ ते ५), झोप किती तास. किलोमीटरपेक्षा शेवटचे दोन जास्त बोलतात. "कसं वाटलं" ला लागोपाठ तीन दिवस २ किंवा त्याहून कमी आलं तर पुढचे दोन दिवस फक्त चाला.

हुरडा_चटणी (नांदेड)

दादा, मोजपट्टींचं सगळं मान्य, पण संकल्प गळतो तो ज्या दिवशी पहिला खाडा पडतो त्या दिवशी. जॅनेट पॉलिवी आणि पीटर हर्मन या मानसशास्त्रज्ञांनी डाएट करणाऱ्यांमध्ये हे बघितलंय: एकदा ठरल्यापेक्षा जास्त खाल्लं गेलं की माणूस थांबत नाही, उलट जास्तच खातो. आपल्या भाषेत, उपास मोडलाच आहे तर आता पोटभर जेवूनच घेऊ. पळण्यातही तसंच होतं. मंगळवार हुकतो, मग "आता सोमवारपासून नव्यानं", आणि तो सोमवार येतच नाही.

यावर उतारा म्हणजे खाडा आधीच हिशेबात धरायचा. महिन्याला साधारण १२-१३ सत्रं असतील तर लक्ष्य १० चं लिहा. दोन-तीन हुकले तरी महिना पास. फक्त सलग दोन हुकू द्यायचे नाहीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयी १२ आठवडे तपासल्या, त्यात मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नव्हता. सवय मुरायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ असा अंदाज होता. म्हणून ते "२१ दिवसांत सवय" विसरा. तुमचा जोश बरोबर एकविसाव्या दिवसाच्या आसपास मावळतो याचं एक कारण तेही असेल: तोवर आपोआप जमायला लागेल असं धरलेलं असतं, ते जमत नाही, आणि आपल्यातच काही कमी आहे असं वाटतं.

दुसरं, "सकाळी पळेन" हा बेत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांचं "जर-तर" इथे फार उपयोगी आहे. जर ५ चा गजर वाजला, तर दिवा लावून आधी मोजे घालीन. जर पाऊस असेल, तर जिन्यावर २० मिनिटं चढ-उतार. जर रात्री उशीर झाला, तर सकाळी फक्त खालची रेघ. अडचण आणि तिचं उत्तर एकाच वाक्यात, आणि ते कागदावर. नुसतं "मी मुंबईत फिनिश लाइन ओलांडतोय" असं चित्र रंगवत बसलं तर उलट हातपाय सैल पडतात, गॅब्रिएले ओटिंगेन यांचं याच विषयावर काम आहे. चित्र रंगवा, पण लगेच त्याला आडवं येणारं काय तेही मांडा. आपल्याकडे आडवं येणारं म्हणजे लग्नसराई आणि रात्री अकराची जेवणं, दुसरं काही नाही.

आणि एक कराच: सोशल मीडियावर आत्ताच "मिशन ४२" टाकू नका. गॉलविट्झर आणि सहकाऱ्यांनीच २००९ मध्ये दाखवलं होतं की जे बनायचंय त्याचा इरादा दुसऱ्याने ऐकून घेतला की थोडंफार बनल्यासारखंच वाटतं आणि हात आखडतो. ज्याला आठवड्याचा हिशेब द्यायचा असा एक माणूस पुरे. रविवारी रात्री त्याला वहीच्या पानाचा फोटो पाठवायचा, बस.

मोठं ध्येय आणि लहान पायऱ्या एकत्र कशा नांदतात ते बघायचं तर लांब जायला नको. अविनाश साबळे आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) २०१८ साली त्याने ८:२९.८० ची वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमध्ये ८:११.२० आणि रौप्य. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. सहा वर्षांत जवळपास २० सेकंद, आणि तेही एका झेपेत नाही, स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत. कधी दीड सेकंद, कधी चार.

नडगी_तज्ज्ञ (छत्रपती संभाजीनगर)

वरच्या दोघांनी मन सांभाळलं, मी शरीराचं बोलतो. कारण संकल्प मोडण्याचं सगळ्यात कमी चर्चेतलं कारण नडगी आहे.

दम लवकर वाढतो. सहा-आठ आठवड्यांत छाती साथ द्यायला लागते. हाडं आणि कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, यांना मजबूत व्हायला महिने लागतात. या मधल्या काळात मन म्हणतं पळ, दम म्हणतो पळ आणि नडगी दुखायला लागते. दुखणं दोन प्रकारचं. नडगीच्या आतल्या कडेला चार-पाच बोटं किंवा त्याहून लांब पट्ट्यात दुखतं, पळायला सुरुवात केल्यावर जाणवतं, अंग तापलं की कमी होतं: हे हाडावरच्या आवरणाचं. आठवडाभर पळणं अर्ध्यावर आणा, बर्फ लावा, पोटरीचे व्यायाम सुरू ठेवा. पण एकाच ठिकाणी, एका बोटाखाली मावेल एवढ्या जागी, हाडावर दाबलं की कळ येते, एका पायावर उडी मारवत नाही, रात्रीही ठणकतं, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तेव्हा पळणं पूर्ण बंद आणि हाडाच्या डॉक्टरांकडे. ध्येय मोठं आहे म्हणून दुखणं दाबून पळायचं नाही. इथे गेलेले चार दिवस परवडतात, तडा वाढला तर सहा-आठ आठवडे जातात.

टाळण्यासाठी आठवड्यातून तीनदा पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, १५ चे ३ संच गुडघा सरळ ठेवून आणि तेवढेच गुडघा किंचित वाकवून. सोबत १५-२० बैठका. दहा मिनिटांचं काम.

जागा. परभणीत कृषी विद्यापीठाच्या आवारातले रस्ते सोन्यासारखे आहेत, ते सोडून हायवेला जाऊ नका. पांदीचे रस्ते उन्हाळ्यात छान, पण पावसाळ्यात आपली काळी माती बुटाला अशी चिकटते की एकेक बूट दीड-दोन पट जड होतो आणि घोटा मुरगळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साखर कारखाने सुरू झाले की पहाटे बिनदिव्यांच्या ट्रॉल्या असतात. रस्त्यावर पळावंच लागलं तर उजव्या कडेने, समोरची वाहनं दिसतील असं, अंगात फिकट रंगाचा शर्ट. कुत्री मागे लागली तर पळू नका. थांबून चालायला लागा.

बूट संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात. अंगठ्यापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. जोडी साधारण ५०० ते ८०० किमी टिकते, वहीत किलोमीटर लिहाल तर बदलायची वेळ कळेल. महागडं घड्याळ नंतर, आधी मोजे चांगले घ्या. सुती मोजा घामाने ओला होऊन फोड आणतो. मांड्यांच्या आतून आणि काखेत काचतं तिथे पेट्रोलियम जेली.

पाणी तहानेप्रमाणे. तासाभराच्या आतल्या पहाटेच्या पळण्यात मध्येच प्यायची फारशी गरज नसते. त्याहून लांब असेल तर ओआरएस, आणि १ लिटरचं पाकीट १ लिटर पाण्यातच. एका ग्लासात अख्खं पाकीट ओतून पिणारे पाहिलेत, त्याने मळमळतं आणि तहान वाढते. उलट तहान नसताना साधं पाणी ढसाढसा पीत राहणंही धोक्याचं, रक्तातलं मीठ पातळ होतं. दीड तासाच्या पुढे खायलाही लागतं, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणजे २१ साठी वाटेत दोन केळी पुष्कळ. ४२ मध्ये हेच न केल्याने तिसाव्या किमीनंतर लोक भिंतीवर आपटल्यासारखे थांबतात, अंगात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपलेलं असतं. शर्यतीच्या दिवशी नवीन काही खायचं नाही, जे खाणार ते रविवारच्या लांब पळण्यात आधी खाऊन बघा.

आता मोजपट्टींच्या बेतात एक भर. दोन वर्षांच्या बेतामध्ये एक अख्खा मराठवाडी उन्हाळा येतो आणि तिथेच बेत मरतो. एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांत अंतर वाढवायचा हट्ट करू नका. तेव्हा पहाटे ५ ला ३०-४० मिनिटं, आठवड्यातून तीनदा, बाकी पायाचे व्यायाम. लक्ष्य "वाढवायचं" नाही, "घालवायचं नाही". जूनमध्ये पहिली सर पडली की पुन्हा चढण. हे आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर मे महिन्यात वाटेल की आपण मागे पडलो.

शेवटचं, वजन कमी करायचं ध्येय याला जोडू नका. ताट अर्धं करून पळणं दुप्पट केलं की नडगी आधी बोलते. वजन मागाहून येईल तेवढं येईल.

पूर्णाकाठ (परभणी)

लै उपयोगी. ४२ पुढच्या जानेवारीचं, हे पटलं, घरीही पटलं. दोन शंका. या जानेवारीच्या २१ साठी वेळ किती धरू? बारा आठवड्यांनंतर तरी काहीतरी आकडा लागेलच. आणि रविवारीच सोयाबीनची काढणी नाहीतर गावाकडचा कार्यक्रम आला तर लांबच्या पळण्याचं काय करायचं?

मोजपट्टी (लातूर)

वेळ आत्ता ठरवू नका, १७ सप्टेंबरचे १० किमी ठरवतील. पीट रीगल यांचं सूत्र वापरा: नवं अंतर भागिले जुनं अंतर, त्याचा १.०६ वा घात, गुणिले जुनी वेळ. १० किमी ७५ मिनिटांत झाले तर २१.१ किमीला साधारण १६५ मिनिटं येतात, म्हणजे पावणेतीन तास, किलोमीटरला ७ मिनिटं ५० सेकंद. त्यावरून ४२ काढलं तर पावणेसहा तासांच्या आसपास येईल, पण पहिल्यांदा पळणाऱ्याने त्यात पंधरा मिनिटं घालून सहा तास धरावेत, किलोमीटरला साडेआठ मिनिटं.

मग एक नाही, तीन वेळा लिहा. सगळं जुळून आलं तर २:४०. नेहमीसारखा दिवस असेल तर २:५०. आणि काहीही झालं तरी दोन पायांवर, हसत शेवट. एकच आकडा ठेवला आणि दहाव्या किमीला तो हुकताना दिसला की उरलेले अकरा किमी कशासाठी पळायचे असं होतं. आकड्याचा जोर केवढा असतो ते बघा: सुमारे ९८ लाख मॅरेथॉन वेळांचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला होता, त्यात ४ तासांसारख्या गोल आकड्याच्या अलीकडे शेवट करणाऱ्यांची दाटी आणि पलीकडे विरळ, असं दिसलं. शेवटच्या टप्प्यात लोक गोल आकड्यासाठी वेग वाढवतात. आपल्याला ते तीनदा वापरता येतं, एकदाच कशाला?

मुंबईची हवा मात्र हिशेबात धरा. परभणीची जानेवारी कोरडी आणि थंड, तिकडे दमट. पहिले ५ किमी ठरलेल्यापेक्षा किलोमीटरमागे १०-१५ सेकंद सावकाश. पेडर रोडचा चढ उत्तरार्धात येतो आणि परभणी सपाट, म्हणून नोव्हेंबरपासून आठवड्यातून एकदा उड्डाणपुलावर ६ फेऱ्या, चढताना पळायचं, उतरताना चालायचं. पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आधी.

हुरडा_चटणी (नांदेड)

काढणीचं मी सांगते, दादा. रविवार जाणार हे आठवडाभर आधी कळतंच, तेव्हा लांबचं शनिवारी उरका. शनिवारही गेला तर त्या आठवड्याचं लांबचं गेलं. सोमवारी भरून काढायचं नाही, पुढच्या रविवारी दुप्पटही नाही, वहीत "काढणी" लिहायचं आणि मंगळवारची ३४ मिनिटं. दिवसभर सोयाबीन उपसून झाल्यावर खालची रेघसुद्धा नको, रानातलं वाकणं-उठणं तेवढ्याला पुरेसं आहे.